विनोबा भावे आणि त्यांची कुदळ

पेण तालुक्यांतील गागोदें हें गांव आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. भातखाचरें, आंबाफणसाचीं झाडें आणि पावसाळ्यांत चोहोंकडे वाहणारे ओहोळ, असें हें कोंकणांतील इतर गांवांसारखेंच एक गांव. ह्या गांवीं ता. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहर भावे ह्यांचा जन्म झाला. त्या वेळीं ह्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. १९८१ सालीं त्याचें नांव रायगड झालें. हेच विनायकराव पुढें विनोबा ह्या नांवानें सर्व देशास ठाऊक झाले. भूदानासाठीं तेरा वर्षें पायीं फिरणारे, गीतेचें मराठींत समश्लोकी रूपांतर करणारे, महात्मा गांधींचे शिष्य, इतकें त्यांच्याविषयीं बहुतेकांस माहीत असतें. परंतु ह्या पुरुषानें आयुष्याचीं कित्येक वर्षें कुदळ, फावडें व टोपली ह्यांच्या संगतींत घालविलीं ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत आहे. पेण व रोहें ह्या तालुक्यांतील मंडळ्यांत पाऊस ओसरूं लागला म्हणजे परसांत भाजी लावण्याचा विचार सुरू होतो. म्हणून त्याच अंगानें ह्या वेळीं त्यांचें चरित्र सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

विनोबांचें बाळपण गागोद्यास आजोबांच्या घरीं गेलें. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई ह्या भाविक व शिस्तीच्या बाई होत्या. मुलानें तुळशीस पाणी घातल्यावांचून त्याला जेवावयास वाढावयाचें नाहीं, असा त्यांचा नेम असे. एके दिवशीं स्नान आटोपून मूल सरळ पानावर येऊन बसलें, तेव्हां मातेनें त्यास उठविलें आणि आधीं झाडाची तहान भागवावयास पाठविलें. घरच्या फणसाचीही अशीच एक गोष्ट आहे. फणस पिकला म्हणजे मुलाच्या तोंडास पाणी सुटे. पण आई गरे द्रोणांत भरी, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरीं पोंचविण्यास त्यालाच पाठवी, आणि तो परत आल्यावर मग त्याच्या हातावर गरे ठेवी. आधीं झाडाला व मग आपल्याला, आधीं शेजाऱ्याला व मग आपल्याला, असे हे दोन धडे त्या बालकास शाळेंत जाण्यापूर्वींच मिळाले. पुढील सर्व आयुष्यांत ते त्याच्या उपयोगी पडले.

वडील बडोद्यास नोकरीस असल्यामुळें पुढें सर्व कुटुंब तिकडे गेलें, आणि विनोबांचें शिक्षण बडोद्यांतच झालें. बुद्धि तल्लख होती, गणिताची आवड विशेष होती; परंतु परीक्षा देऊन नोकरी मिळवावी ह्याकडे त्यांचा ओढा नव्हता. एके दिवशीं आईच्या चुलीपुढें बसून त्यांनीं आपलीं प्रशस्तिपत्रें विस्तवांत घातलीं. १९१६ च्या मार्चमध्यें इंटरच्या परीक्षेसाठीं मुंबईस निघाले असतां ते वाटेंत सुरतेस उतरले व काशीस गेले. तेथून गांधीजींशीं पत्रव्यवहार करून ता. ७ जून १९१६ रोजीं अहमदाबादेजवळील कोचरब आश्रमांत ते दाखल झाले.

ते पोंचले त्या वेळीं गांधीजी स्वयंपाकघरांत भाजी चिरीत बसले होते. एवढा मोठा मनुष्य भाजी चिरतो हें विनोबांस नवल वाटलें. गांधीजींनीं नवीन पाहुण्याच्या हातीं दुसरी सुरी दिली आणि भाजी चिरतां चिरतां दोघांचें संभाषण झालें. ज्या तरुणास वेदान्ताची तहान लागली होती, त्याचा आश्रमांतील पहिला पाठ भाजीच्या पाटीपासून सुरू झाला.

दुसरा पाठ ह्याहून कठीण होता. आश्रमांत मैला वाहण्याचें काम एक भंगी करी. एकदां तो आजारी असल्यामुळें त्याचा लहान मुलगा भरलेली बादली घेऊन निघाला. ती त्याला पेलवेना व तो रडूं लागला. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा ह्यांनीं तें पाहिलें आणि ते त्याच्या मदतीस धांवले. त्यांनीं वडील बंधूंचें मत विचारलें तेव्हां विनोबांनीं त्यांस संमति दिली. एवढेंच नव्हे, तर आपणही त्यांच्याबरोबर गेले. ब्राह्मणाच्या घरीं जन्मलेल्या ह्या दोघां भावांनीं मैल्याची बादली उचलली, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. आश्रमांतही कित्येकांस तें रुचलें नाहीं. परंतु गांधीजींनीं तें काम योग्य ठरविलें.

१९२१ च्या एप्रिलमध्यें गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा वर्ध्यास आश्रम चालविण्याकरितां आले. १९३२ च्या अखेरीस ते जवळच्या नालवाडी ह्या हरिजनवस्तीच्या खेड्यांत राहूं लागले. तुरुंगवास, अखंड कष्ट आणि अगदीं तुटपुंजें अन्न ह्यांमुळें त्यांची प्रकृति ढासळत गेली. १९३८ सालीं त्यांचें वजन अवघें ८८ पौंड भरलें. कोठें तरी थंड हवेच्या ठिकाणीं जावें असें हितचिंतकांनीं सुचविलें. परंतु विनोबा वर्ध्यापासून पांच मैलांवर धाम नदीच्या कांठीं पवनार येथें जमनालाल बजाज ह्यांचा बंगला होता तेथें जाऊन राहिले. नदीवरील पूल ओलांडतांना आश्रमाच्या सर्व कामांची काळजी मनांतून काढून टाकावी असा त्यांनीं निश्चय केला.

पवनारास त्यांनीं जें औषध घेतलें तें वैद्याच्या बटव्यांतील नव्हतें. त्यांनीं हातीं कुदळ घेतली व बंगल्याजवळची जमीन खणावयास आरंभ केला. प्रथम कांहीं मिनिटेंच खणीत. शरीरास झेपेल तसा रोज थोडा थोडा वेळ वाढवीत गेले. कांहीं महिन्यांत ते बराच वेळ सलग खणूं लागले, अन्न पचूं लागलें आणि वजन पुष्कळ वाढलें. खणतांना जमिनींतून जुन्या काळच्या दगडी मूर्ति सांपडल्या. त्यांतील भरत व राम ह्यांच्या भेटीचें शिल्प आजही त्या आश्रमांत आहे. आम्हांस मात्र त्या मूर्तींहून त्यांची खणण्याची रीत अधिक मोलाची वाटते. पुष्कळ लोक पहिल्याच दिवशीं सर्व परसूं खणून काढतात, दुसऱ्या दिवशीं कंबर धरून बसतात, आणि तिसऱ्या दिवशीं कुदळ माळ्यावर टाकतात. विनोबांनीं थोड्यापासून आरंभ केला व नेम मोडला नाहीं.

१९४६ पासून विनोबा पवनारहून सुरगांव नांवाच्या खेड्यास रोज पायीं जाऊं लागले. खांद्यावर फावडें असे. त्या काळीं लोक रस्त्याच्या कडेसच शौचास बसत. विनोबा ती घाण उचलीत, मातीनें झांकीत व परत येत. उन्हाळा असो कीं पाऊस असो, त्यांनीं खाडा केला नाहीं. एकदां वाटेंतील ओढ्यास पूर आला आणि पलीकडे जातां येईना. तेव्हां पैलतीरावरील एका मनुष्यास हांक मारून त्यांनीं देवळांतल्या देवाकडे निरोप पाठविला कीं, गांवचा भंगी येऊन गेला, पण पुरामुळें त्यास पलीकडे येतां आलें नाहीं. १९४८ च्या जानेवारींत गांधीजींचा वध झाला व विनोबांस दुसऱ्या कामासाठीं जावें लागलें, तोंपर्यंत हा क्रम चालू होता.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. आमच्या मंडळ्यांतील कित्येकांचे वाडवडील हेंच काम पिढ्यान् पिढ्या करीत आले. त्यांस कोणीं संत म्हटलें नाहीं. उच्च मानलेल्या जातींतील मनुष्यानें स्वेच्छेनें टोपली उचलली तर त्यास नमस्कार मिळतो, आणि ज्याच्या माथीं ती बळजबरीनें दिली त्यास शिवूनही घेत नाहींत. ही गोष्ट कटु आहे; पण ती लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्ही स्वतः धर्मशिक्षण पुरें करून प्रथम खेड्यांत आलों, तेव्हां शेणाची पाटी हातीं घ्यावयास आम्हांस लाज वाटे. कोणी पाहिलें तर आम्हांस पूर्वीच्याच नजरेनें पाहील अशी भीति मनांत असे. आमच्या परसांतील जमीन त्या लाजेपायीं दोन वर्षें पडून राहिली. विनोबांची खरी इच्छा अशी कीं, हें काम कोणा एका जातीचें राहूं नये. ज्याच्या घरची घाण त्यानेंच मातीआड करावी. माणसानें हातानें मैला उचलण्याची प्रथा १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं बंद केली आहे, आणि तें योग्यच झालें. परंतु शेण, पालापाचोळा व घरांतील ओला कचरा ह्यांस हात लावण्याची लाज कोणत्याही कायद्यानें जाणार नाहीं. ती आपली आपणच टाकिली पाहिजे.

विनोबांच्या मनांत घाणीचा व अन्नाचा संबंध स्पष्ट होता. मैल्याच्या खताला आपल्या भाषेंत सोनखत म्हणतात, हें नांवच पुष्कळ सांगतें. जमिनींतून जें घेतलें तें कुजवून जमिनीस परत दिलें तरच तिचा कस टिकतो. हाच विचार त्या काळीं दुसरेही लोक करीत होते. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें इंदूर येथें १९२४ ते १९३१ ह्या काळांत हिंदी शेतकऱ्यांच्या अनुभवावरून कंपोस्ट खताची पद्धति बसविली. ती इंदूर पद्धति म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. आपल्या कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धन ह्यांनीं कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत मैल्याचें खत करणारा संडास तयार केला.

१९५० च्या सुमारास विनोबांनीं पवनारास एक नवा प्रयोग आरंभिला. आश्रमानें पैशाचें दान घेऊं नये व आपल्या श्रमांवर जगावें, अशी त्यांची योजना होती. तिला त्यांनीं कांचनमुक्ति असें नांव दिलें. आरंभ भाजीपासून केला. बैल न वापरतां केवळ हातानें केलेल्या ह्या शेतीस ते ऋषिशेती म्हणत. विहिरीवरील रहाट बैलांऐवजीं आश्रमांतील माणसें फिरवीत, आणि स्वतः विनोबाही त्यांत असत. हा प्रयोग सर्वांस साधेल असा होता, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या मजुरास दिवसभर दुसऱ्याच्या शेतांत राबावें लागतें, त्यानें संध्याकाळीं रहाट ओढावा ही अपेक्षा अन्यायाची होईल. परंतु भाजी पिकविण्यास भांडवल लागत नाहीं, नेम व खत लागतें, एवढें त्यांनीं दाखवून दिलें.

हा प्रयोग चालू असतांच १९५१ सालीं ते हैदराबादेकडे पायीं निघाले. ता. १८ एप्रिल रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली गांवीं ४० हरिजन कुटुंबांनीं त्यांच्यापाशीं ८० एकर जमीन मागितली. विनोबांनीं ती मागणी गांवासमोर ठेवितांच रामचंद्र रेड्डी ह्या जमीनदारानें १०० एकर देऊं केली. तेथून भूदान सुरू झालें. तेरा वर्षें पायीं फिरून विनोबांनीं ४० लाख एकरांहून अधिक जमिनीचीं दानपत्रें मिळविलीं. त्यांतील पुष्कळ जमीन खडकाळ किंवा वादांत सांपडलेली निघाली आणि पुष्कळ वांटलीच गेली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. ज्यांस जमीन मिळाली त्यांतील कित्येकांपाशीं बैल, बी व पाणी नव्हतें. केवळ कागदावर जमीन मिळाल्यानें पोट भरत नाहीं. तिची माती तयार करावी लागते.

१९५८ सालीं विनोबांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. १९५९ सालीं त्यांनीं पवनारास स्त्रियांसाठीं ब्रह्मविद्यामंदिर स्थापिलें. तेथील भगिनींनींही शेती व सफाई आपल्या हातानेंच करावी असा नियम झाला. सर्व धर्मांच्या ग्रंथांचा त्यांनीं अभ्यास केला. नव्या करारांतील वचनें निवडून त्यांनीं ख्रिस्तधर्म-सार हें पुस्तक तयार केलें, हें आमच्या वाचकांस विशेष वाटेल. १९७५ च्या आणीबाणींत त्यांनीं घेतलेल्या भूमिकेमुळें त्यांच्यावर कठोर टीका झाली. उतारवयांत हा जगप्रसिद्ध मनुष्य आश्रमाच्या अंगणांतील काडीकचरा स्वतः वेंचीत असे. ता. १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं, अन्न व औषध सोडल्यावर, पवनारासच त्यांचा देहान्त झाला. १९८३ सालीं सरकारनें त्यांस मरणोत्तर भारतरत्न दिलें.

आतां ह्या चरित्रावरून आमच्या परसांत काय करावें तें थोडक्यांत सांगतों. प्रथम जागा. पांचसहा तास ऊन लागेल अशी, विहिरीजवळची, तीन हात लांब व दोन हात रुंद एवढीच जागा पहिल्या वर्षीं पुरे. खाडीकांठच्या खारट जमिनींत दुसरीकडची माती आणून वाफा उंच करावा. नेमानें रोज थोडें खणावें.

दुसरें खत. आपल्याकडे भाताच्या रोपासाठीं राब भाजतात. शेण, पाला व कवळें त्यांत जळून जातात आणि मागें केवळ राख उरते. परसांतला पाला तरी जाळूं नये. अर्धा फूट सुका पाला व पेंढा, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर व मूठभर राख, असे थर देत तीनचार फूट उंच ढीग करावा. पावसाळ्यांत खड्डा करूं नये, तो पाण्यानें भरतो; जमिनीवरच ढीग करून वर झावळ्यांचें छप्पर घालावें. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला असावा. दर दोनतीन आठवड्यांनीं खालवर करावा. दुर्गंधि आली तर पाणी अधिक झालें व हवा कमी पडली असें समजावें. ढीग मुळींच तापला नाहीं तर तो कोरडा पडला असें समजावें. सुमारें तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत, वास नसलेलें खत तयार होतें. कच्चा मैला मात्र भाजीस कधींही घालूं नये. त्यांत जंतांचीं अंडीं महिनोन् महिने जिवंत राहतात. संडासाच्या खड्ड्यांतील खत निदान एक वर्ष झांकून ठेवावें, व मग तें फळझाडांसच घालावें.

तिसरें पेरणी. नव्या मनुष्यानें माठ व मुळा ह्यांपासून आरंभ करावा. माठ तीनचार आठवड्यांत आणि मुळा दीड महिन्यांत हातीं येतो, म्हणून उमेद टिकते. वांगीं व मिरची ह्यांचीं रोपें त्याच वेळीं एका कोपऱ्यांत तयार करावीं. कुंपणास वाल लावावा. त्याच्या मुळांवरील गांठींतील सूक्ष्म जंतु हवेंतला नत्र मुळांत सांठवितात, त्यामुळें पुढील पिकास जमीन चांगली होते. मोरीच्या पाण्यावर अळूं व केळ होते. पावसाळ्यांत पडवळ, दोडका व काकडी मांडवावर चढवावीं व वाफे उंच ठेवावे. उन्हाळ्यांत वाफ्यावर पेंढा पसरावा, म्हणजे पाणी कमी लागतें. किडी सकाळीं हातानें वेंचाव्या. त्यानें भागलें नाहीं तर कुटलेल्या निंबोळ्या ५० ग्रॅम एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून तें पाणी गाळून संध्याकाळीं शिंपडावें.

प्रिय बंधूंनो व भगिनींनो, आमच्यांतील पुष्कळांपाशीं शेत नाहीं, केवळ घरामागचें परसूं आहे. विकतच्या भाजीस पैसे नसले म्हणजे मुलांस भात व सुकटीवरच दिवस काढावे लागतात, हें उपदेशकांनीं घरोघर पाहिलें आहे. अशा घरीं हा लहानसा वाफा हिरवी भाजी देईल. आमच्या पडीक परसांत आम्हीं पहिली पाटी शेणखत घातलें तेव्हां शेजारचे दोघे कुंपणापाशीं उभे राहून पाहत होते. त्या वाफ्यांतला पहिला माठ आम्हीं त्यांच्याच घरीं पाठविला. पुढल्या वर्षीं त्यांच्याही परसांत वाफे झाले. ज्या बालकास गागोद्यास फणसाचे द्रोण घेऊन घरोघर पाठविलें जाई, त्याच्या तालुक्यांत तरी कोणाचें परसूं लाजेपायीं ओसाड राहूं नये. येत्या शनिवारीं कुदळ काढावी, आणि प्रथम पांच मिनिटेंच खणावें.